पोस्ट चारची बदली

मी सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो आणि पुढच्याच वर्षी ओमानला गेलो. पोस्टिंग दुक्म. पोस्टिंग हा शब्द सवयीनं आला. कागदावर ती नोकरी होती. मस्कतहून दक्षिणेला दिवसभर गाडी हाकायची, तेव्हा कुठे दुक्म येतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला माती आणि खडी, मध्ये बंदराची कामं. बायका-पोरं कुठे दिसत नाहीत. सगळे पुरुष, सगळे कॉन्ट्रॅक्टवर.

एका अमेरिकन कंत्राटदाराचं तिथं मोठं यार्ड होतं. पाइप, क्रेन, डिझेलचे टाके आणि हजारभर कामगारांचा कॅम्प. त्याच्या सिक्युरिटीत आम्ही माजी सैनिक होतो, बहुतेक महाराष्ट्रातले आणि नेपाळचे. माझ्याकडे मेन गेट आणि सगळ्या गार्डांची जबाबदारी. माझ्या वर दोन अमेरिकन सुपरवायझर. डेल कंट्रोल रूम बघायचा, मार्कस गाडीवरची पेट्रोल, म्हणजे गस्त. डेल गोरा, मार्कस काळा. हे मी सांगतोय कारण पुढं त्याचाच घोळ झाला. पहिल्या वर्षी माझ्या डोक्यातही तो विचार आला नव्हता.

दोघं इराकमध्ये एका प्लाटूनमध्ये होते. गाडीखाली स्फोट झाला तेव्हा डेलनं मार्कसला खांद्यावर टाकून बाहेर आणलं होतं. ही गोष्ट मार्कस स्वतः सांगायचा, आणि डेल म्हणायचा, "एवढा जड असेल हे माहीत असतं तर तिथंच सोडला असता." मार्कसची मुलगी फोनवर डेलला अंकल म्हणायची. सकाळी दोघं एकाच टेबलावर अंडी खायचे. आमच्या पोरांना बरं वाटायचं. आपल्याकडच्यासारखीच दोस्ती आहे, म्हणायचे.

दर रविवारी सकाळी डेल 'थ्रेट ब्रीफिंग' घ्यायचा. ओमानमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो. भिंतीवर नकाशा, नकाशावर लाल वर्तुळं. समुद्रातून येणाऱ्या बोटी, आकाशातून येणारे ड्रोन, वाळवंटातून घुसणारी गाडी. अमेरिकेला कुणाकुणापासून धोका आहे आणि म्हणून आपल्या कुंपणाला कुणाकुणापासून धोका आहे, हे तो आम्हाला समजावून सांगायचा. सगळी वर्तुळं कुंपणाच्या बाहेर. मी मागे उभा राहून ऐकायचो. फौजेत मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं की दुश्मन तुमच्या छातीवर येत नाही. दोन तुकड्यांच्या मधली जागा शोधतो, जिथं हिला वाटतं ती बघतेय आणि तिला वाटतं ही बघतेय. डेललाही हे शिकवलं असणारच. पण शिकवलेलं विसरायला पेन्शन पुरते.

आमच्याकडं एक पद्धत होती, ती मी पहिल्या महिन्यातच लावली. बदली. एका गार्डानं दुसऱ्याकडे पोस्ट सोपवायची ती समोरासमोर. जुना म्हणणार, "पोस्ट चार. सब ठीक. बदली." नवा तेच शब्द परत म्हणणार आणि शेवटी "बदली ली." मग जुना निघणार. हुकुमाचंही तसंच. रेडिओवर हुकूम दिला की ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा. परत आला नाही तर तो दिलाच नाही असं धरायचं. अमेरिकन आधी हसले. मार्कसला मात्र ते आवडलं. तो पेट्रोलवरून फिरताना गार्डांना मुद्दाम "बदली ली" म्हणायचा, तोंड वाकडं करून, आणि पोरं खूश व्हायची.

या बाबतीत सगळ्यात कडक होता नाईक दत्ताराम घाडी. कुडाळकडचा, माझ्याच पलटणीतला. पोस्ट चार त्याची. ही पोस्ट वादीच्या काठावर होती. वादी म्हणजे कोरडी नदी. वर्ष वर्ष तिथं पाणी दिसत नाही, नुसती खडी आणि बाभळीसारखी काटेरी झाडं. पात्रात रस्त्याखालची मोरी बांधायचं काम चाललं होतं, त्याचं सामान आणि माणसं यांच्यावर दत्तारामनं लक्ष ठेवायचं. समोरून बदली आल्याशिवाय किंवा हुकूम आल्याशिवाय तो पोस्टवरून पाऊल हलवत नसे. लघवीला जायचं तरी रेडिओवर परवानगी मागायचा. कंट्रोल रूममधली पोरं हसायची. शुक्रवारी सुट्टी असली की तो दोन फोन करायचा. एक घरी बायकोला, सुशीलाबाईंना, दुसरा कराडला हवालदार मुलाणीला. मुलाणी आणि तो फौजेत बडी होते, म्हणजे जोडीदार. एका बंकरमध्ये बर्फात हिवाळा काढलेले.

दुसऱ्या वर्षी अमेरिकेत निवडणूक आली.

आम्हाला त्याचं काय? असंच वाटलं. पण ती निवडणूक डेलच्या फोनमधून कॅम्पमध्ये शिरली. तो जेवताना फोन बघायचा, ड्यूटीवर फोन बघायचा, झोपेतून उठून बघायचा. देश आपल्या हातातून चालला, हे त्याला रोज कुणीतरी सांगत होतं. मार्कसच्या फोनमध्ये दुसरंच चाललेलं. त्याच्या पुतण्याला पोलिसांनी गाडी थांबवून रस्त्यावर पालथं झोपवलं होतं, दिवा लागत नाही म्हणून. मार्कसनं ते टेबलावर सांगितलं. डेल म्हणाला, "काहीतरी केलं असेल त्यानं." मार्कसनं अंड्याची प्लेट उचलली आणि दुसऱ्या टेबलावर गेला.

तरी ते मिटलं असतं. मग एका दुपारी डेलनं सुपरवायझरांच्या फोनग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. जळणारी दुकानं, पळणारी माणसं, आणि खाली लिहिलेलं नाव मार्कसच्या गावाचं. मार्कस सरळ कंट्रोल रूममध्ये आला. मी तिथंच होतो.

"हे माझं गाव नाही," तो म्हणाला. "गाड्या बघ. डाव्या बाजूनं चालल्यात. आपल्याकडे चालतात का डावीकडून?"

डेलनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

"माझी आई त्या गावात आहे. फोन लावतो. विचार तिला काय जळलंय ते."

"ती तेच सांगणार जे तुला ऐकायचंय," डेल म्हणाला.

ज्या माणसाला खांद्यावर घेऊन आगीतून बाहेर काढलं, त्याच्या आईवर विश्वास नाही, आणि कुठल्या देशातला हे माहीत नसलेल्या व्हिडिओवर आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ते दोघं माझ्या वरचे होते.

त्या दिवसापासून त्यांची बोलचाल बंद. तेवढ्यावर भागलं नाही. मार्कसनं पेट्रोलचा रेडिओ चॅनल एकवरून तीनवर नेला. डेलचा आवाज ऐकायचा नाही म्हणून. मग मधला निरोप्या कोण? मी. माझ्या कमरेला दोन सेट आले, एक डेलचा, एक मार्कसचा. दोघांचीही भाषा इंग्रजी, दोघंही एकाच देशाचे, आणि साताऱ्याचा सुभेदार त्यांच्यात दुभाषा. कॅम्प मॅनेजरला मी दोनदा जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "सुभेदार, ती अमेरिकेची भानगड आहे. निवडणूक झाली की थंड होईल." निवडणूक झाली. थंड काही झालं नाही, उलट पेटलं. कॅम्पच्या मेसमध्ये इतर अमेरिकनांचीही दोन टेबलं झाली. एका टेबलावरचा माणूस दुसऱ्या टेबलावरच्याकडं मीठ मागेना.

दत्ताराम एकदा मला म्हणाला, "साहेब, ह्येंका एकदा समोरासमोर बसवूक व्हया. आमच्याकडे भावभाव बांधावरना कोर्टात जातत, पण कोणाची गाय बावडेत पडली तर दोघव दोरी घेवन धावतत."

"ते फोनमध्ये बसलेत, दत्ता. समोर कुठं आहेत?" मी म्हणालो.

तो दिवस हिवाळ्यातला होता. आकाश निळं, वारा नाही. आत डोंगराकडे पहाटेपासून पाऊस पडत होता, पण दुक्मला एक थेंब नव्हता. वादीचं हेच आहे. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि दुसऱ्याच्या डोक्यावर पडलेलं पाणी तुमच्याकडे येतं. दुपारी कंट्रोल रूमला सरकारी इशारा आला की वादीला पाणी येणार, पात्रातली माणसं काढा. नेहमीची पद्धत अशी की कंट्रोलनं पेट्रोलला सांगायचं, पेट्रोलनं जाऊन पोस्ट चारचा गार्ड आणि खालचे कामगार गाडीत घालून आणायचे. सोपं काम. पेट्रोलची गाडी तेव्हा डिझेलच्या टाक्यांपाशी होती, पोस्ट चारपासून एका टेकाडाच्या पलीकडे. हॉर्न वाजवला असता तर ऐकू गेला असता.

डेलनं काय केलं? त्यानं इशाऱ्याचा फोटो काढला आणि सुपरवायझरांच्या फोनग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पेट्रोल, पोस्ट चार खाली करा.' मार्कस त्या ग्रुपमधून आदल्याच संध्याकाळी बाहेर पडला होता, नव्या भांडणावरून. मी ग्रुपमध्ये होतो, पण गार्डांच्या नियमाप्रमाणे ड्यूटीवर माझा फोन गेटवरच्या पेटीत जमा. म्हणजे तो हुकूम कुणालाच मिळाला नाही. तो परत कुणी म्हणून दाखवला नाही, आणि डेलला त्याचं काही वाटलं नाही. मग त्यानं चॅनल एकवर दत्तारामला सांगितलं, "पोस्ट फोर, कंट्रोल. स्टँड बाय. पेट्रोल तुला घ्यायला येतेय. ओव्हर."

"पोस्ट फोर. स्टँड बाय. पेट्रोल आ रहा है. ओव्हर," दत्ताराम म्हणाला.

हे मी गेटवर ऐकलं. पाण्याचा शब्दही नव्हता. जेवणाच्या बदलीला अशी गाडी रोजच जायची.

दत्ताराम स्टँड बाय राहिला. फौजेत स्टँड बायचा अर्थ एकच आहे. तयार राहा आणि हलू नका.

बऱ्याच वेळानं पाण्याच्या टँकरचा ओमानी ड्रायव्हर सालिम गेटवर आला. त्यानं टँकर थांबवलाही नाही, खिडकीतून ओरडला, "वादी जाय! वादी जाय! यल्ला!" वादी येतेय. तो वरच्या रस्त्यानं आला होता, त्यानं पाणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी चॅनल एक घेतला. "कंट्रोल, मेन गेट. वादीला पाणी येतंय. पोस्ट फोरचं काय?"

"पेट्रोलला सांगितलंय," डेल म्हणाला. शांतपणे.

मी दुसरा सेट तोंडाशी धरला. "मार्कस, पोस्ट फोरला पोचलास का?"

"निगेटिव्ह. कशाला?"

तो 'कशाला' मला अजून ऐकू येतो.

मी मार्कसला सांगितलं आणि त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज सेटवर ऐकला. मग एकवर ओरडलो. "दत्ता, पाणी येतंय. वर चढ. आत्ताच्या आत्ता."

"साहेब, खाली लेबर आसा. जेवून निजलेत. सात जण."

त्याला काय विचारायचंय ते मला कळलं होतं.

"पोस्ट छोड के नीचे जाता हूँ, साहब. इजाजत?"

"इजाजत. पळ."

"पोस्ट छोड के नीचे. इजाजत मिली," तो म्हणाला. तेव्हाही त्यानं हुकूम परत म्हणून दाखवला. वर बसलेल्यांनी तो नियम फेकून दिला होता आणि हा मरणाच्या तोंडावर तो पाळत होता.

मी जीप घेतली. पोचलो तेव्हा पाणी आलं होतं. गढूळ, छातीएवढं, लाकडं आणि पत्रे घेऊन आलेलं. मार्कस माझ्या आधी पोचला होता. गाडीच्या बंपरला दोर बांधून तो कमरेइतक्या पाण्यात उतरला होता. सहा कामगार काठावर चढले होते, कुणी उलट्या करत होता. सातवा म्हातारा बंगाली पंपवाला, त्याला पोहता येत नव्हतं. दत्तारामनं त्याला पाठीमागून ढकलत आणला आणि मार्कसच्या हातात दिला. मार्कसनं म्हाताऱ्याला दोराला धरवलं आणि दुसरा हात दत्तारामकडे केला. तेवढ्यात वरून एक मोठा पाइप आला, यार्डातलाच, आमचाच. दत्तारामला तो बाजूनं लागला. तो पाण्याखाली गेला. मार्कसचा हात तसाच पुढं राहिला.

मार्कस त्याच्या मागं झेपावणार होता. मी आणि दोन कामगारांनी दोर ओढून त्याला बाहेर काढलं.

मग डेल आला. गाडीतून उतरला आणि पहिलं काय केलं तर फोन पुढं धरला. "मी पाठवलं होतं. ग्रुपवर आहे. बघ वेळ."

"मी तुझ्या ग्रुपमध्ये नाही," मार्कस म्हणाला.

"तो तुझा निर्णय."

"माझा?"

माझा माणूस पाण्यात होता आणि हे दोघं कुणाची चूक ते ठरवत होते. मी आयुष्यात अधिकाऱ्यावर आवाज चढवलेला नव्हता. त्या दिवशी चढवला. "चुप! दोनों चुप!" मी हिंदीतच ओरडलो, आणि दोघांनाही समजलं. "तुमच्या देशाला बाहेरच्या दुश्मनाची गरज नाही. तो तुम्ही खिशात घेऊन फिरताय. डेल, गाडी चालव. मार्कस, शेजारी बस आणि काठ बघ. माझा माणूस शोधून आणा."

दोघं सैनिक होते. हुकुमाचा आवाज ओळखतात. गाडीत बसले.

सूर्य बुडायच्या आधी त्यांना तो सापडला, खूप खाली, काटेरी झाडांत अडकलेला. रेडिओ गळ्यातल्या पट्ट्याला तसाच होता. दोघांनी मिळून त्याला स्ट्रेचरवर घेतलं आणि मिळून वर आणलं. एक पुढं, एक मागं, पावलात पाऊल. त्या वेळी वाटलं, चला, निदान एवढं तरी. स्ट्रेचर खाली ठेवलं आणि एक या बाजूला गेला, दुसरा त्या बाजूला.

चौकशी झाली. निष्कर्ष निघाला नैसर्गिक आपत्ती. मी लेखी दिलं की दोन सुपरवायझरांत बोलणं बंद असल्यामुळे हुकूम पोचला नाही. साहेब लोक म्हणाले, ही वैयक्तिक बाब आहे, रिपोर्टात बसत नाही. पुढच्या रविवारी डेलनं पुन्हा थ्रेट ब्रीफिंग घेतलं. तोच नकाशा, तीच लाल वर्तुळं, सगळी बाहेर. तो बोटींवर आला तेव्हा मी उठलो आणि चालू ब्रीफिंगमधून बाहेर पडलो. माझ्यामागं मार्कस बाहेर आला. दाराबाहेर तो भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. "त्यानं म्हाताऱ्याला माझ्या हातात दिलं," एवढंच म्हणाला. मी त्याच्यावरही रागावलेलो होतो. चॅनल त्यानं बदलला होता.

लोक मला म्हणतात, जाऊ दे सुभेदार, अमेरिका जगातली सगळ्यात मोठी फौज आहे, तिला काय होतंय. मी म्हणतो, ती मोठी फौज मी जवळून पाहिली. तिच्यातले दोन चांगले सैनिक, एकमेकांसाठी जीव दिला असता असे, एका खोट्या व्हिडिओनं फुटले. गोळी लागली नाही, बॉम्ब पडला नाही. आणि मेला कुडाळचा माणूस.

मी दत्तारामला घेऊन त्याच्या घरी आलो. मस्कतहून मुंबई, मुंबईहून गाव. तेराव्याला पुन्हा गेलो. पलटणीतले बरेच जण आले होते. कराडहून मुलाणी आला होता, एसटीनं, रात्रभर बसून. सुशीलाबाईंनी मला आत बोलावलं.

"ते वाट बघीत होते?" त्यांनी विचारलं.

"हो. गाडीची."

"गाडी कित्याक नाय इली?"

काय सांगायचं या बाईला? मी सरळ सांगितलं. दोन साहेब होते, जुने दोस्त, एकमेकांशी बोलत नव्हते. निरोप पोचला नाही.

"भांडान कसला त्येंचा?"

"त्यांच्या देशाचं."

मग म्हणाल्या, "भांडान त्येंच्या देशाचा, आणि गेलो माझो घोव."

तेवढ्यात खळ्यातून, म्हणजे अंगणातून, आवाज आला. बाहेर आमचेच दोघं-तिघं एका फोनभोवती डोकी जमवून बसले होते. फोनमधला माणूस मोठ्यानं सांगत होता की देशाचे खरे दुश्मन तुमच्या गल्लीत राहतात, त्यांना ओळखा. आमचा एक जण म्हणाला, "खरंय, या लोकांवर भरवसाच नाही ठेवता येत." खळ्याच्या कडेला मुलाणी बसला होता. हातात चहाचा कप, नजर कपात. कुणाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. किंवा होतं.

मी बाहेर आलो. माझा आवाज मलाच परका वाटला. "फोन बंद. फॉल इन."

पन्नाशी-साठीतली माणसं, कुणी धोतरात, कुणी पँटीत. पण उठली आणि ओळीत उभी राहिली. मुलाणी कप खाली ठेवून टोकाला उभा राहिला. समोर भिंतीशी दत्तारामचा फोटो.

मी त्यांना पोस्ट चार सांगितली. पहिल्यापासून, जसं घडलं तसं. डाव्या बाजूनं चालणाऱ्या गाड्या, दोन रेडिओ, 'कशाला'. फोन धरणाऱ्याची मान खाली गेली. मी त्याच्यावर दया केली नाही.

मग मी म्हणालो, "नाईक दत्ताराम घाडी अजून पोस्टवर आहे. त्याला कुणी मोकळं केलेलं नाही." आणि मोठ्यानं बोललो, "पोस्ट चार. ठीक नहीं. बदली."

कुणी हललं नाही. बदली घेणं म्हणजे काय, ते त्या ओळीत सगळ्यांना माहीत होतं. आता हे राखणं तुमच्यावर.

ओळीच्या टोकावरून मुलाणी एक पाऊल पुढं आला. फोटोकडे बघत त्यानं प्रत्येक शब्द परत म्हटला, आमच्या नियमाप्रमाणे.

"पोस्ट चार. ठीक नहीं. बदली ली, दत्ता."

डोक्यावर टोपी नव्हती म्हणून मी सॅल्यूट केला नाही. सावधान उभा राहिलो. दारात सुशीलाबाई उभ्या होत्या.